जबाबदारी चालकाची, अधिकार कुणाचा?

(शाळेच्या बसगाड्यांवर काम करणाऱ्या चालक व मदतनीस यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संकलित भाग.)



मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. मला बस चालवता येत नाही. तेव्हा बसमधील मुलांना शिस्त कशी लावावी हे मी तुम्हांला सांगणे म्हणजे उद्धटपणा ठरेल. संयोजकांनी विषय सांगितला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. पुढे विचार करता असे वाटले की, उपदेश करण्याचा अधिकार नसला तरी एक कबुली देणे मला भाग आहे. म्हणून आलो.

काही वर्षांपूर्वी माझा नातू सातवीत होता. कंत्राटदाराची बस त्याला शाळेत नेत असे. एके दिवशी दुपारी बसचे चालक आमच्या दारात उभे राहिले. आत या म्हटले तरी आले नाहीत. म्हणाले, "सर, रागावू नका. तुमचा नातू हुशार आहे. पण मागच्या सीटवर त्याचं आणि आणखी तिघांचं राज्य चालतं. दुसरीतल्या एका पोराला रोज खाली बसवतात, त्याचा डबा काढून घेतात. काल त्याचं दप्तर खिडकीबाहेर धरलं होतं. मी आरशात बघू का रस्त्याकडे?"

मी म्हटले, "मी त्याला समज देतो." रात्री जेवताना मी विषय काढला. नातू हसला आणि म्हणाला, "आजोबा, काका काहीही सांगतात." मी तेवढ्यावर थांबलो.

पंधरा दिवसांनी त्या चालकांनी बस रस्त्याच्या कडेला उभी केली आणि सांगितले की, त्या लहान मुलाला त्याची जागा आणि दप्तर मिळेपर्यंत गाडी हलणार नाही. त्यांनी कुणावर हात उगारला नाही, अपशब्द काढला नाही. हे पुढे मुलांनीच सांगितले. बस पाऊण तास उशिरा पोहोचली. संध्याकाळी पालकांचे फोन सुरू झाले. "ड्रायव्हरने मुलांना भर रस्त्यात अडकवून ठेवले," अशी तक्रार आमच्या घरातूनही गेली. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. खरी हकीकत मला ठाऊक होती. मी उठलो नाही.

तिसऱ्या दिवशी बसवर दुसरे चालक आले. शाळेने सांगितले की चालक आमचा नव्हे, कंत्राटदाराचा. कंत्राटदाराने सांगितले की पालकांची तक्रार आल्यावर माणूस ठेवता येत नाही. थोड्याच दिवसांत तो दुसरीतला मुलगाही त्या बसने येईनासा झाला. मागच्या सीटवरचे चौघे मात्र आपल्या जागी होते.

मित्रहो, या घटनेत चूक कुणाची, असे विचारले तर माझे नाव पहिले घ्यावे लागेल. पण माझ्या भित्रेपणाने प्रश्न संपत नाही. पालक, शाळा आणि कंत्राटदार या तिघांपैकी कुणालाही त्या लहान मुलाचे वाईट व्हावे असे वाटत नव्हते. तरीही त्याच्या बाजूने उभा राहिलेला एकमेव माणूस कामावरून गेला. असे का झाले, हे समजून घेतले पाहिजे.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या पुस्तकात असा विचार मांडला की, एखाद्या संस्थेचा कारभार बिघडला तर माणसापुढे दोन मार्ग असतात : संस्था सोडून जाणे किंवा तिच्यात राहून आवाज उठवणे. आपल्या बसला हे लावून पाहा. पैसेवाल्या पालकाजवळ दोन्ही मार्ग आहेत. तो दुसरी बस लावू शकतो, आणि त्याच्या एका फोनला कंत्राटदार घाबरतो. ज्या मुलाचा छळ होतो त्याच्या आईवडिलांजवळ बहुधा सोडून जाण्याचाच मार्ग उरतो. चालकाजवळ आवाज नाही, आणि सोडून गेला तर हप्ते कोण भरणार? ज्याला सर्वांत जास्त दिसते, त्याचेच म्हणणे सर्वांत कमी ऐकले जाते. व्यवस्थेची रचनाच अशी आहे.

जबाबदारी मात्र त्याच्यावर भरपूर टाकलेली आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि अनेक मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसच्या चालकाला जड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा, वाहतुकीचे नियम वारंवार मोडणारा चालक नसावा, चालकाखेरीज आणखी एक योग्य व्यक्ती बसमध्ये असावी, असे आदेश दिले. महाराष्ट्रात २०११ साली शालेय बसचे स्वतंत्र नियम झाले. मदतनीस हवा, असे त्यांत आहे. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असावेत, असेही आहे. हे सर्व योग्यच झाले. पण त्या समितीत पालकांचा प्रतिनिधी आहे, पोलीस व परिवहन खात्यांची माणसे आहेत, कंत्राटदाराचा प्रतिनिधीसुद्धा आहे. चालकाला त्याचे स्वतःचे असे स्थान नाही.

जबाबदारीबरोबर संशयही त्याच्याच वाट्याला येतो. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पोलिसांनी त्याच दिवशी बसच्या कंडक्टरला पकडले आणि त्याने गुन्हा कबूल केल्याचे जाहीर केले. पुढे तपास सीबीआयकडे गेला, तेव्हा संशयाची सुई त्याच शाळेतील अकरावीच्या एका विद्यार्थ्याकडे वळली. कंडक्टरवरील आरोप टिकला नाही आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला मुक्त केले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी कर्मचाऱ्यांची कसून चौकशी व्हावी, याला कुणाचाही विरोध असू नये. प्रश्न एवढाच की, संशय घेण्याइतका जो जवळचा वाटतो, त्याचे म्हणणे ऐकण्याइतका तो जवळचा का वाटत नाही?

मुले चालकाला काका म्हणतात, मदतनीस बाईंना मावशी म्हणतात. शब्द गोड आहेत. पण ज्या काकांचे आडनाव घरात कुणाला ठाऊक नाही, ज्यांना दारातूनच परत पाठवले जाते, ज्यांचा पगार उन्हाळ्याच्या सुटीत बंद होतो, त्या काकांचे मुलाने ऐकावे तरी का? मुले वडीलधाऱ्यांचे उपदेश विसरतात, पण त्यांचे वागणे बारकाईने पाहतात. माझ्या नातवाने दुसऱ्या इयत्तेतील मुलाला खाली बसवले. कोण वर बसणार आणि कोण खाली, हे तो आमच्या घरातच शिकला होता.

आज सकाळी चर्चेत एक मित्र म्हणाले, पूर्वी छडी होती तेव्हा शिस्त होती. मला हे मान्य नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास बंदी केली, ती आपण मनापासून स्वीकारली पाहिजे. मागच्या सीटवरचा मुलगा दुबळ्याला मारतो, तेव्हा बळवंताने मारावे हाच नियम तो पाळत असतो. आपण छडी उचलली तर त्याचा नियम आपणच पक्का करू. छडी गेली हे चांगले झाले. तिच्या जागी आपण दुसरे काही उभे केले नाही, हे वाईट झाले.

काही जणांना वाटते की, लोकांची सहानुभूती जागी झाली की प्रश्न सुटेल. त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ग्रीस नावाचे गाव आहे. तेथे जून २०१२ मध्ये सातवीतल्या चार मुलांनी शाळेच्या बसमधील ६८ वर्षांच्या मदतनीस बाईंची इतकी क्रूर टवाळी केली की त्यांना रडू कोसळले. एका मुलाने त्याचे चित्रण केले आणि ते जगभर पोहोचले. एका अनोळखी माणसाने त्यांच्यासाठी पाच हजार डॉलरचा निधी जमवायला सुरुवात केली. जमले सात लाखांच्या वर. त्या बाईंचे वर्षाचे वेतन मात्र पंधरा हजार डॉलरच्या आसपास होते. त्या मुलांना वर्षभर नेहमीच्या शाळेबाहेर ठेवले गेले आणि वृद्धांसाठी सेवाकार्य करायला लावले गेले. लोकांच्या दानशूरपणाला मी कमी लेखत नाही. पण चित्रण झाले नसते तर? आणि जगातील बाकीच्या बसगाड्यांतल्या मावशींचे काय? करुणा एका व्यक्तीपर्यंत पोहोचते. नियम सर्वांपर्यंत पोहोचतो.

म्हणून काही ठोस मागण्या मी तुमच्यापुढे ठेवतो. पहिली, प्रत्येक बसमध्ये मदतनीस प्रत्यक्ष असलाच पाहिजे. चालकाने रस्त्याकडे पाहायचे आणि मुलांकडे दुसऱ्याने, एवढी साधी श्रमविभागणी आहे. दुसरी, बसमध्ये एक नोंदवही असावी. घडलेला प्रकार चालकाने किंवा मदतनीसाने तीत लिहावा आणि काय केले ते मुख्याध्यापकांनी आठवड्याच्या आत त्याच वहीत लेखी नोंदवावे. जागा बदलणे, दोन्ही मुलांशी स्वतंत्र बोलणे, पालकांना बोलावणे, हिसकावलेली वस्तू भरून द्यायला लावणे, एवढ्याने बहुतेक प्रकरणे मिटतात, पण ती कुणीतरी वेळेवर हाती घ्यावी लागतात. तिसरी, परिवहन समितीत चालक व मदतनीस यांनी स्वतः निवडलेला प्रतिनिधी असावा. चौथी, केवळ पालकाच्या तक्रारीवरून, बाजू ऐकून न घेता, कुणालाही कामावरून दूर करू नये. एस.टी.च्या वाहकाची नोकरी एका प्रवाशाच्या रागावर अवलंबून नसते. म्हणून तो गाडीत ठामपणे उभा राहू शकतो.

पाचवी मागणी सर्वांत अवघड आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक कसोटी घालून दिली होती : काम कायम स्वरूपाचे आहे काय? मुले दरवर्षी, दररोज शाळेत यायची आहेत. मग त्यांना आणणारा माणूस शाळेचा का नसावा? बारा महिन्यांचे वेतन, दोन फेऱ्यांमधल्या वेळेचा मोबदला आणि शिक्षकांच्या बैठकीत एक खुर्ची त्याला मिळाली पाहिजे. खर्च वाढेल, हे मी नाकारत नाही. पण आज तो खर्च वाचत नसून चालकाच्या घरातून आणि त्या लहान मुलाच्या अंगावरून वसूल होत आहे, एवढे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला दिसते.

माझा नातू आता मोठा झाला आहे. मध्यंतरी मी त्याला ते चालक घरी आल्याची आणि मी गप्प बसल्याची गोष्ट सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "मग तुम्ही शाळेत जाऊन का नाही सांगितलंत?" त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

ते चालक आज या सभागृहात नाहीत. असते तर सर्वांसमक्ष त्यांची क्षमा मागितली असती. जून महिन्यात शाळा उघडतील, परिवहन समित्यांच्या बैठका होतील. तुम्ही नोंदवहीची आणि प्रतिनिधित्वाची मागणी लेखी घेऊन जा. आमच्या भागातील शाळेत जाताना मला निरोप द्या. या वेळी मी बरोबर येईन.