डोळे बांधून हापूस

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आनेकल येथे भरलेल्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे मंडळाच्या स्थापनेचा इतिहास सांगावा, नाहीतर मराठी भाषेच्या भवितव्याची चिंता वाहावी, असा रिवाज आहे. ही दोन्ही कार्ये आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी आज सकाळपासून उत्तम रीतीने पार पाडली आहेत. शिवाय आमरस-पुरीच्या जेवणानंतरची ही वेळ आहे. तेव्हा प्रसंगाचे औचित्य सांभाळून आम्ही आंब्याविषयीच चार शब्द बोलणार आहोत. त्यात आमच्या एका फजितीची कबुलीही येईल, तीही आपण गोड मानून घ्यावी.

शौकीन माणसांचा एक चमत्कारिक खेळ असतो. आपल्या आवडीच्या वस्तूवरचे नाव झाकावयाचे आणि केवळ जिभेने व नाकाने ती ओळखावयाची. सिगारचे शौकीन विड्यावरची कागदी पट्टी काढून टाकतात, आणि तो क्यूबाचा की अन्य देशीचा, हे धुरावरून सांगण्याची पैज लावतात. चिरूट हा शब्द मूळचा तामिळ ‘सुरुट्टु’वरून आला. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगल येथल्या चिरुटांची कीर्ती एके काळी विलायतेपर्यंत पोचली होती. आमच्या निपाणीकडेही तंबाखूचे पान चुरगाळून, हुंगून त्याची पारख करणारी जाणती माणसे आम्ही पाहिली आहेत. परंतु धूम्रपान प्रकृतीस अपायकारक आणि आमच्या घरात निषिद्ध. म्हणून आम्ही मंडळींनी हाच खेळ आंब्यावर खेळण्याचे ठरविले.

त्याला आनेकलसारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण. येथून ईशान्येस कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर, पश्चिमेस कनकपुरा व रामनगर, आणि अत्तिबेलेची वेस ओलांडली की होसूरमार्गे कृष्णगिरी. तिन्ही दिशांना आंब्याचा मुलूख आहे. बोम्मसंद्र-जिगणीच्या कारखान्यांत नोकरीनिमित्त आलेली आपली कुटुंबे या आंबरायांच्या मधोमध राहतात, आणि चैत्र लागला की डोळे मात्र कोकणच्या पेटीकडे लावून बसतात. येथे ज्याला ‘बादामी’ म्हणतात, तो कर्नाटकातला हापूसच होय, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. तरीही त्याचे नाव निघाले की आपण नाक मुरडतो. ‘दिसायला हापूस, पण ती चव नाही,’ हे वाक्य आम्ही स्वतः गेली तीस वर्षे उच्चारीत आलो आहोत.

आमच्या कुंपणापलीकडे एक बागाइतदार कुटुंब राहते. त्यांची बाग कनकपुऱ्याच्या वाटेवर आहे. दरवर्षी मे महिन्याच्या आरंभी त्यांच्याकडून बादामीची एक टोपली आमच्या दारी येते. आम्ही ती हसतमुखाने स्वीकारीत असू, आभार मानीत असू, आणि दार लावून घेतले की स्वयंपाकघरात हुकूम सुटे, ‘हे दुधात फिरवून टाका, खायचे आंबे परवा येतील.’ परवा येणारे आंबे म्हणजे अर्थातच रत्नागिरीचे. एका वर्षी मोठ्या भावाने घेतलेल्या ‘अस्सल देवगड’ पेटीच्या तळाशी एक कन्नड वर्तमानपत्र निघाले. तेव्हा विक्रेत्यास आम्ही मनातल्या मनात पुष्कळ बोल लावले. परंतु ते वर्तमानपत्र हाती येईपर्यंत त्या पेटीतले सात आंबे आम्ही ‘वा, वा’ म्हणत फस्त केले होते, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरलो.

या खेळाची कल्पना निघाली ती त्यातूनच. पाच-सहा घरांतली अकरा माणसे जमली. पहिल्या खेपेस प्रत्येकाच्या तोंडात एकेक फोड घातली व ‘ओळखा’ म्हटले. सहा जणांनी बरोबर सांगितले आणि ते सहाही जण विजयी मुद्रेने बसले. आमच्यात संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. ते शांतपणे म्हणाले, ‘नाणे उडविले असते तरी एवढेच झाले असते.’ मग त्यांनी एक गोष्ट सांगितली.

इंग्लंडात रोथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर नावाचे थोर संख्याशास्त्रज्ञ होते. म्युरियल ब्रिस्टल या त्यांच्या एक सहकारी विदुषी. कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळते, असे त्यांचे म्हणणे. फिशर यांनी त्यावरून आठ कपांची परीक्षा योजिली : चार कपांत दूध आधी, चारांत चहा आधी, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून. आठांतून चार निवडण्याचे सत्तर प्रकार होतात. त्यांपैकी बरोबर प्रकार एकच. म्हणजे केवळ नशिबाने सगळे ओळखले जाण्याची शक्यता सत्तरात एक. हा प्रयोग फिशर यांनी १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला, आणि पुढे प्रयोगशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा तो पहिला धडा होऊन बसला.

आम्ही कपांच्या जागी वाट्या मांडल्या. चार वाट्यांत रत्नागिरीचा हापूस, तोही एका नातलगाने स्वतःच्या कलमांवरून उतरवून बसने पाठविलेला, म्हणजे शंकेस जागा नाही. उरलेल्या चारांत शेजाऱ्यांचा बादामी. साल व बाठा दूर ठेवला, कारण देठाची ठेवण आणि सालीचा रंग चुगली करतात. गराचा रंगही बोलतो, म्हणून डोळ्यांवर रुमाल. फोडी सारख्या मापाच्या. वाट्यांवर आकडे घालणारा एक, आणि ते गुपित ठाऊक नसलेला वाढपी दुसरा. दोन फोडींमध्ये चार चुरमुरे आणि पाण्याचा घोट.

सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे दोन्ही आंबे सारखेच पिकलेले असणे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी हापूसच्या गंधाचे पृथक्करण केले आहे. फळात टर्पीन वर्गातील सुगंधी द्रव्ये प्रबळ असतात. फळ पिकू लागले की त्यांच्या जोडीस लॅक्टोन वर्गातील गोडसर गंधाची द्रव्ये वाढतात. कोकणातल्या कोकणातही ठिकाणपरत्वे या द्रव्यांचे प्रमाण बदलते, असे त्यांना आढळले. म्हणजे जांभ्या दगडाच्या जमिनीचा आणि समुद्रावरच्या वाऱ्याचा फळावर परिणाम होतो, हा आपला अभिमान अगदीच निराधार नाही. परंतु अढीतला एखादा दिवस कमी-अधिक झाला तरी गंध पालटतो, आणि ज्याला आपण ‘देवगडची चव’ म्हणतो ती पुष्कळदा ‘नेमक्या दिवशी कापलेल्या आंब्याची चव’ असते. म्हणून आम्ही दोन्ही आंब्यांची अढी एकाच खोलीत, एकाच पेंढ्यात लावली.

आता निकाल. ज्यांचे माहेर राजापूरचे आणि ज्यांच्या शब्दाला आंब्याच्या बाबतीत आमच्याकडे वेदवाक्याचा मान, त्या काकूंनी चारांपैकी दोन ओळखले. प्राध्यापकांच्या हिशेबाने सत्तरांपैकी छत्तीस प्रकार असे दोन-दोनाचे असतात. म्हणजे न चाखताही बहुधा हेच घडावयाचे. काकू रुमाल सोडून म्हणाल्या, ‘आज सर्दी आहे मला.’ कोणी काही बोलले नाही.

आमची स्वतःची कथा याहून शोचनीय. कोकणचे म्हणून जे चार आम्ही छातीठोकपणे निवडले, त्यांतले तीन बादामी निघाले. एका फोडीस तर ‘ही नि:संशय देवगडची’ असे प्रशस्तिपत्रही आम्ही उच्चरवाने दिले होते. ती कुंपणापलीकडच्या टोपलीतली होती.

अशी फजिती झालेले आम्ही पहिले नव्हेत, एवढाच दिलासा. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे नामवंत फ्रेंच परीक्षकांनी लेबले झाकून फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखल्या, आणि तांबड्या व पांढऱ्या अशा दोन्ही गटांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला देऊन बसले. त्यांची जीभ खोटी नव्हती. लेबल झाकल्याबरोबर ती प्रथमच मोकळेपणाने बोलली, इतकेच.

आठही वाट्या बरोबर ओळखणारी अकरा जणांत एकच निघाली : आमची बारा वर्षांची नात. जन्म येथला, शाळा येथली, कोकण पाहिले ते एकदाच, तेही पावसाळ्यात. प्राध्यापकांनी लगेच बजावले की अकरा जण खेळले म्हणजे कोणा एकाला दैव साथ देणे अशक्य नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या पुन्हा टाकून तिची एकटीची परीक्षा घेतली. तिने पुन्हा आठही ओळखले. लागोपाठ दोनदा असे नशिबाने घडणे म्हणजे सत्तर गुणिले सत्तर, चार हजार नऊशेंत एक. प्राध्यापकांनी चष्मा पुसला आणि तिला नमस्कार केला.

आम्ही अभिमानाने विचारले, ‘काय ग, रत्नागिरीचा आंबा तुला कसा कळला?’

ती म्हणाली, ‘तो नाही कळला, आजोबा. मला बादामी कळतो. तो बाजूच्या अज्जीकडे खाते ना मी रोज. तो नसेल तो दुसरा.’

बंधुभगिनींनो, या उत्तरावर आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या घरी जो आंबा दुधात फिरविला जात होता, तोच ही मुलगी कुंपण ओलांडून, त्यांच्या ओसरीवर बसून, कोपरापर्यंत रस ओघळेतो खात होती. तिच्या बोलण्यात मधूनच कन्नड शब्द आला की आम्ही टोकीत असू, ‘हे आपले नव्हे.’ आपले काय, हे आम्ही पेटीवरच्या नावावरून ठरवीत होतो. तिने ते जिभेने ठरविले होते. आणि परीक्षेत उत्तीर्ण झाली ती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बादामी श्रेष्ठ आणि रत्नागिरी कनिष्ठ, असे आम्ही म्हणत नाही. दोन्हींत भेद आहे, म्हणून तर नातीला तो ओळखता आला. २०१८ च्या ऑक्टोबरात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. ज्याने कातळ फोडून कलम लावले त्याला त्याच्या नावाचे मोल मिळालेच पाहिजे, आणि दुसऱ्याचा माल त्या नावाने विकणे ही फसवणूकच होय. आमची तक्रार आहे ती आमच्याच विरुद्ध. जे आम्हाला ओळखता येत नव्हते, त्याच्या जोरावर आम्ही तीस वर्षे दुसऱ्याला कमी लेखीत होतो.

कलमाचा धर्मच असा आहे की वंश तोच राहतो आणि माती बदलते. हापूस हे नावच मुळी अफोंसो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीवरून पडलेले. पोर्तुगिजांच्या गोव्यात कलमे करण्याची विद्या रुजली, आणि तेथून हे झाड कोकणात ‘आपले’ झाले. १९८१ साली दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने साका न धरणारी ‘रत्ना’ ही जात दिली. तिच्यासाठी हापूसची सोयरीक जुळविली ती दक्षिणेच्या नीलमशी. येथे बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथील संशोधन संस्थेने हापूसचा बंगनपल्लीशी संकर करून ‘अर्का पुनीत’ निर्माण केला. झाडांनी या सोयरिकी केव्हाच मान्य केल्या आहेत.

आणि आपण तरी या मातीत आजचे का आहोत? १६३८ नंतर बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर होती. त्यांची समाधीही याच कर्नाटकात, चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे आहे. ज्या कुटुंबांची मुळे तेव्हापासून येथे आहेत, त्यांची मराठी ऐकून आपण कधी हसलो असू, तर ते हसणे आता आवरावे.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही उभयता रत्नागिरीचे डझनभर आंबे घेऊन शेजारी गेलो. टोपलीचे खरे काय होत असे, ते आम्ही आमच्या मोडक्या कन्नडमध्ये सांगून टाकले. वयोवृद्ध बागाइतदार हसले. म्हणाले, ‘ठाऊक होते. दरवर्षी टोपली पोचली की तासाभरात तुमच्या यंत्राचा आवाज येतो.’ मग तरी दरवर्षी टोपली का पाठविलीत, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, ‘मूल आमच्याकडे येऊन खाते. घरी आंबा गेला नाही, तर त्याला येथे येऊन खायला संकोच वाटेल.’

त्यांच्या पत्नीने आमचा आंबा कापला, सर्वांना वाटला, आणि चाखून बादामीपेक्षा किंचित उग्र असल्याचा अभिप्राय दिला. आम्ही तो निमूटपणे ऐकून घेतला.

या वर्षीची टोपली चार दिवसांपूर्वी आली. आम्ही ती अढीत लावली आहे, आणि आज सकाळी निघण्यापूर्वी त्यातले दोन आंबे कापून, बाठ्यासकट खाल्ले. कार्यकारी मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षीच्या मेळाव्यात हा खेळ सर्वांसाठी ठेवावा, आठ वाट्या मांडाव्यात, आणि आपापल्या शेजाऱ्यांना अगत्याने निमंत्रण द्यावे. रुमाल आम्ही घरून आणू.