देणगीआधी देणे
(जुबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



आपल्या मंदिराच्या जुबिलीचा हा मंगल दिवस पाहण्याचे भाग्य परमेश्वराने आपणांस दिले, ह्याबद्दल प्रथम त्याचे आभार मानू या. अशा प्रसंगी पूर्वजांच्या श्रद्धेचे गुणगान करणे योग्यच होय. परंतु ज्या शब्दाने आपण हा उत्सव साजरा करीत आहोत, त्या 'जुबिली' शब्दाचा मूळ अर्थ काय, हे पाहणे आम्हांस आज अधिक अगत्याचे वाटते.

हा शब्द हिब्रू भाषेतील 'योबेल' ह्या शब्दापासून आला आहे. योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. जुन्या करारात लेवीय ग्रंथाच्या २५व्या अध्यायात ह्या वर्षाची सर्व व्यवस्था लिहिली आहे. सात वर्षांची सात आवर्तने लोटली म्हणजे पन्नासाव्या वर्षी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, देशभर शिंग फुंकावे. मग काय करावे? ज्याने अडचणीपायी आपली जमीन विकली असेल, त्याच्या कुळाला ती परत मिळावी. दारिद्र्यामुळे जो दुसऱ्याच्या घरी राबावयास गेला, त्याने मुलाबाळांसह आपल्या घरी परतावे. खरेदीविक्रीत भावाने भावाला नाडू नये. गरजू बांधवाकडून व्याज घेऊ नये. बंधुभगिनींनो, पहिल्या जुबिलीच्या ह्या कार्यक्रमात जमीन आहे, मजूर आहे, व्याज आहे, हिशेब आहे. अर्थात, जुबिली म्हणजे परमेश्वरासमोर उघडलेली जमाखर्चाची वही होय.

पुढे प्रभू येशूने नाझरेथच्या सभास्थानात यशया प्रवक्त्याचा ग्रंथ उघडून दीनांना सुवार्ता व बंदिवानांना मुक्तता देणाऱ्या कृपावर्षाची घोषणा केली आणि हे वचन आजच पूर्ण झाले, असे सांगितले. जुबिली त्याने रद्द केली नाही. पन्नासाव्या वर्षाची वाट न पाहता ती 'आज'वर आणून ठेवली. जक्कयाने तिचा अर्थ ताबडतोब ओळखला. प्रभू त्याच्या घरी आला, तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे वचन दिले. तारण त्याच्या घरी आले ते हिशेबाच्या वहीसकट आले.

आता आपण स्वतःकडे वळू. धर्मशिक्षणाच्या वर्गात स्वर्गाकडे दाद मागणारी चार पातके आपण लहानपणीच पाठ केली. त्यांत मनुष्यवधाच्या पंक्तीला गरिबांवरील जुलूम आणि मजुराचे वेतन बुडविणे ही दोन पातके बसविलेली आहेत. ख्रिस्तसभेने त्यांना तेथे उगाच बसविलेले नाही. मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नये, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे. आपले मरण जवळ आले असे समजून वृद्ध टोबिताने मुलाला जो उपदेश केला, त्यातही कामकऱ्याचे वेतन रात्रभर ठेवू नकोस, हे सांगावयास तो विसरला नाही. संत याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करते आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी जातो.

ह्याच पायावर पोप लिओ १३वे ह्यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोवारुम' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. मालक व मजूर ह्यांनी खुशीने ठरविलेली मजुरी तेवढ्यानेच न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामकऱ्याचा निर्वाह तीत झाला पाहिजे, असे त्यांनी त्यात बजाविले. पोटाच्या भीतीने दिलेला होकार ही खुशी नव्हे, हे त्यांचे म्हणणे आजही तितकेच खरे आहे. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपमहाराजांनी लिओ हेच नाव घेतले, ते ह्या विश्वपत्राचे स्मरण ठेवूनच.

हे परदेशचे प्रश्न, असे कोणी समजू नये. जुन्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-उंबरगावच्या बाजूला, 'लग्नगडी' हा शब्द होता. लग्नासाठी सावकाराकडून थोडे कर्ज घ्यावे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या घरी व शेतावर राबावे. फिटावयाचे मात्र ते कधीच नाही! १९४५ साली वारली बांधव ह्या वेठीविरुद्ध उठले, तेव्हा तिचे दिवस भरले. वेठबिगारीला बंदी करणारा देशव्यापी कायदा १९७६ साली झाला. लेवीय ग्रंथातील जो मनुष्य कर्जापायी स्वतःला विकतो, तो असा आपल्या शेजारीच राहत होता.

उलट, हिशेबाच्या वहीतून धर्म कसा पाळता येतो, ह्याचेही उदाहरण जवळचेच आहे. वसईत १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्या धर्मगुरूंनी सहकारी पतपेढी स्थापन केली. सावकाराच्या दारी जाणाऱ्या बांधवाला आपल्याच बांधवांच्या बचतीतून कर्ज मिळावे, हा सहकाराचा मार्ग त्यांनी धरला. तीच संस्था पुढे बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. वेदीवर मिस्साबलिदान अर्पण करणाऱ्या हातांना खातेवहीचा विटाळ वाटला नाही, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

कोणी म्हणेल, "बाजार पडला, माल मातीमोल गेला, तर मजुरी कोठून द्यावी?" अडचण खरी आहे, शेतकऱ्याचे हाल आम्हांस ठाऊक आहेत. परंतु भाव चढला त्या वर्षी ज्याला नफ्यात वाटा मिळाला नाही, त्याला तोट्यात भागीदार करणे कोणत्या न्यायात बसते? दुसरा कोणी म्हणेल, "आम्ही देवळाला देणगी देतो, गरिबांना अन्नदान करतो." उत्तम! पण देणगी ही आपल्या मालकीच्या पैशातून द्यावयाची असते. मोलकरणीचा अडकलेला पगार, गवंड्याची राहिलेली बाकी, भावाबहिणीचा दाबून ठेवलेला वाटा, हा पैसा आपला नव्हेच. प्रभूने स्वतः सांगितले आहे की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. आधी देणे, मग देणगी, हा प्रभूने लावून दिलेला क्रम आहे.

पापनिवेदनाचेही तसेच. चोरीची क्षमा मागणाऱ्याने शक्य असेल तर चोरलेले परत केले पाहिजे, ही ख्रिस्तसभेची शिकवण जुनीच आहे. मापात मारलेली पायली केवळ तीन 'नमो मरिये' म्हणून भरून निघत नाही.

म्हणून ह्या जुबिलीच्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने एका संध्याकाळी, रोझरीनंतर, घरातील सर्वांनी मिळून चार प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे. आपल्याकडे राबणाऱ्या कोणाचे वेतन राहिले आहे काय? आपला तराजू आणि आपला शब्द दोन्ही सरळ आहेत काय? शेजाऱ्यावर छाप पाडण्यासाठी लग्नात कर्ज काढून आपण मुलांच्या गळ्यात फास तर अडकवीत नाही ना? आणि ज्याला फेडणे खरोखर अशक्य झाले आहे, असा एखादा ऋणको आपल्या दारावरून मान खाली घालून जातो काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर त्याला घरी बोलवावे, चहा द्यावा आणि त्याच्यादेखत तो कागद फाडून टाकावा. ह्या वर्षात त्याहून मोठा घंटानाद होणार नाही.

आपल्या पूर्वजांनी हे मंदिर दगडचुन्याने बांधले. ते उभे आहे की नाही, हे जगाला शिखराकडे पाहून कळेल; पण त्यात प्रार्थना होते की नाही, हे आपल्या मजुराच्या चुलीकडे पाहून कळेल. ह्या कामी लागणारी कृपा प्रभू आपणां सर्वांस देवो आणि पवित्र मरिया आपल्यासाठी विनंती करो. आमेन.