जुन्या गाडीचे तेल आणि आपण गृहिणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनी प्रत्येकीने आपल्याला येणाऱ्या एका गोष्टीवर बोलावे, असे मागच्या बैठकीत ठरले. कुणी लोणच्यावर बोलल्या, कुणी बाळंतिणीच्या आहारावर. मी म्हटले, "मी गाडीच्या तेलावर बोलते," तेव्हा सगळ्या हसल्या. हसण्यासारखेच आहे म्हणा. मी सातवी शिकलेली बाई, मला गाडी चालवता येत नाही. पण गाडीचे तेल पाहता येते, आणि ही विद्या आम्हाला फार महाग पडली. तुम्हाला ती फुकट मिळावी म्हणून उभी राहिले आहे.

आमच्याकडे २००५ सालची मारुती ८०० आहे. २०१३ मध्ये आम्ही ती जुनी घेतली. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तरी आपल्या केजच्या गल्लीत अजून दोन-चार दिसतात. गरिबाची गाडी, जपली तर टिकते. आमच्याकडून जपणूक झाली नाही.

अंगण झाडताना गाडीखाली मला रोज एक काळा डाग दिसायचा. रुपयाएवढा होता, तो हळूहळू पुरीएवढा झाला. मी त्यावर राख टाकून तो खरडून काढी आणि वरून शेणाचा हात फिरवी. सहा महिने हेच केले. एकदाही यांना म्हटले नाही की, अहो, हा डाग कशाचा? मनात यायचे, गाडीचे काम पुरुषांचे, आपण कशाला तोंड घाला.

२०१९ च्या फेब्रुवारीत मामंजींना मोतीबिंदूसाठी बीडला नेले होते. परतताना मांजरसुंब्याच्या घाटात गाडीचा लाल दिवा लागला. तेलाच्या झारीचे चित्र असते ना, तो. हे म्हणाले, "घाट चढून जाऊ, मग बघू." घाट काही चढला नाही. आधी खडखड, मग मोठा आवाज झाला आणि गाडी जागीच बसली. डोळ्याला पट्टी बांधलेले मामंजी अन् आम्ही दोघे रात्री दहापर्यंत रस्त्याच्या कडेला उभे. शेवटी एका टेंपोवाल्याने गाडी ओढून आणली.

इंजिन जाम झाले होते. सगळे खोलून बांधायला छत्तीस हजार लागले. आपल्या याच मंडळाच्या भिशीचा माझा नंबर त्या महिन्यात लागला होता. ते पैसे थोरलीच्या वसतिगृहासाठी ठेवले होते, ते गॅरेजात गेले. पोरगी दोन वर्षे रोज पहाटे उठून एसटीने अंबाजोगाईला गेली. तिने कधी शब्द काढला नाही. पण तो डाग मी पुसत होते, हे मला ठाऊक होते.

गॅरेजचे चाचा भले माणूस. मी त्यांना विचारले, "असे झाले कशाने?" ते म्हणाले, "वहिनी, तेल संपलं. पट्टी कोरडी होती." मग त्यांनी उघडलेल्या इंजिनापुढे मला उभे करून समजावले. ते मी आपल्या शब्दांत सांगते.

इंजिनात लोखंडावर लोखंड एका मिनिटात हजारो वेळा घासते. मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो म्हणून ते तगते. तेल गुळगुळीतपणा देते, उष्णता वाहून नेते आणि काजळी आपल्यात धरून ठेवते. तो पापुद्रा तुटला की लोखंड लोखंडाला चिकटते. लाल दिवा तेल कमी झाल्याची आगाऊ सूचना देत नाही. तेलाचा दाब गेल्यावर तो लागतो, म्हणजे घर पेटल्यावरची हाक आहे ती. दिवा लागला की गाडी आहे तिथे बाजूला घेऊन बंद करायची, घाट असो की रान असो.

तेल जाते कुठे? वाटा तीन. पहिली गळती. खालचा बोल्ट, फिल्टर, वरच्या झाकणाचे पॅकिंग, यांतून ते थेंबथेंब जाते. दुसरी वाट रिंगांची. हापशाच्या दट्ट्याला वायसर असते, ते झिजले की पाणी चढत नाही. तशा इंजिनाच्या पिस्टनला रिंगा असतात. त्या झिजल्या की तेल वर चढून पेट्रोलबरोबर जळते. तिसरी वाट व्हॉल्व्हच्या रबरी सिलांची. वर्षांनुवर्षे तापून ती कडक होतात आणि रात्रभर तेल आत झिरपते.

ओळखायचे कसे? सकाळी गाडी सुरू करताना निळसर धुराचा लोट येऊन थांबला, तर बहुधा सिले गेली. चढावर जोर दिला की मागून निळा धूर येत राहिला, तर रिंगा. धूर नाही अन् तेल कमी होते, तर रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठल्या भागाखाली पडला ते दिसेल. काळा धूर वेगळा, त्यात पेट्रोल जास्त जळत असते. आणि तेल दुधाळ कॉफीसारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले असे समजा आणि गाडी सुरू न करता मिस्त्रीला बोलवा.

तेल पाहणे पोळी लाटण्यापेक्षा सोपे आहे. सकाळी, गाडी थंड आणि सपाट जागी असताना बॉनेट उघडा. पट्टी ओढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून बघा. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल त्यांच्यामध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ असावे. बहुतेक लहान गाड्यांत दोन खुणांमधले अंतर लिटरभराच्या आसपास भरते. वरच्या खुणेच्या पुढे मात्र ओतू नका. जास्तीचे तेल आत घुसळून फेसाळते आणि तेही नुकसानच करते.

मी दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागची दोन पाने गाडीला दिली आहेत. दर रविवारी पट्टी पाहते. तेल घातले तर किती घातले आणि काट्यावर किती किलोमीटर होते, ते लिहिते. समजा हजार किलोमीटरला पाव लिटर लागले, तर जुन्या गाडीला ते चालते. चांगले इंजिनही थोडे तेल खातेच. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटरपर्यंत खप चालवून घेतात. पण पाव लिटराचा अर्धा लिटर झाला, तर त्याचे कारण शोधायला हवे. वही नसली तर हा फरक कळतच नाही.

आता एक चूक पुष्कळांची होते. वरून तेल घालतोच, मग बदलायचे कशाला? भगिनींनो, तळणीच्या जुन्या तेलात ताजे तेल ओतले तर ते ताजे होते का? इंजिनात काजळी साठते, पेट्रोलचा अंश उतरतो, ओलावा येतो आणि तेलातली औषधे संपतात. तेल काळे दिसले म्हणजेच खराब झाले असे मात्र नाही. डिझेल गाडीत ते चार दिवसांत काळे होते. रंगावर न जाता गाडीच्या पुस्तकात दिलेले किलोमीटर आणि महिने पाळावेत. त्यांतले जे आधी भरेल तेव्हा तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावे. गाडी उभी असली तरी मुदत संपते. नुसती घर ते बाजार फिरणारी गाडी नीट तापत नाही, म्हणून तिच्या तेलात ओलावा राहतो. आपल्याकडची धूळ तर विचारू नका. हवेचा फिल्टर तुंबला किंवा फाटला की तीच धूळ आत जाऊन रिंगा घासते.

डब्यावर २०डब्ल्यू-४० असे आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, दुसरा तापल्यावरचा दाटपणा. पुस्तकात लिहिले तेच घ्यावे. धूर लपवण्यासाठी मिस्त्रीला न विचारता दाट तेल घालू नये. दाट तेलाने झिजलेल्या रिंगा नव्या होत नाहीत.

शेवटचे सांगणे निघालेल्या काळ्या तेलाबद्दल. आपल्याकडे ते वाळवीला लावतात, जनावराच्या जखमेवर लावतात, उरलेले नालीत ओततात. कायद्याने हा घातक कचरा आहे. त्यात धातूचा कीस आणि जळका गाळ असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि आपणही हंडे घेऊन टँकरमागे धावलो, ते आठवा. त्याच जमिनीत हे विष मुरवायचे का? झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवर परत द्यावे आणि ते पुढे अधिकृत गोळा करणाऱ्याकडे जाते ना, एवढे विचारावे. हाताला लागले तर साबणाने धुवावे.

आमची गाडी त्यानंतर पुन्हा कधी तेलावाचून अडली नाही. पट्टी आता हे नाही, मी पाहते. धाकटीलाही शिकवले आहे. अंगणात आजही कधी डाग पडतो. आता मी त्यावर राख टाकत नाही. आधी यांना हाक मारते, मग झाडू उचलते.

भगिनींनो, घरातल्या दुधा-तेलाचा हिशोब आपणच ठेवतो, तर या तेलाचा का नाही? घरात जुनी गाडी, ट्रॅक्टर, जीप काहीही असो, येत्या रविवारी पट्टी काढून बघा. कुणी नावे ठेवली तर माझ्याकडे पाठवा.