पोटाचं डायलिसिस आणि जंतुसंसर्ग: गढूळ पिशवी दिसली तर सकाळची वाट पाहू नका

जबलपूरजवळच्या तिलवाऱ्याहून बोलतोय. मागच्या भागात आपण डायलिसिसचे दोन प्रकार पाहिले. एक मशीनवर रक्त शुद्ध करण्याचा, दुसरा घरच्या घरी पोटातून करण्याचा. आजचा विषय दुसऱ्या प्रकारातल्या सगळ्यात मोठ्या धोक्याचा, म्हणजे जंतुसंसर्गाचा.

मी डॉक्टर नाही. फौजेत नोकरी केली, निवृत्त झालो, आणि गेली चार वर्षं पत्नीचं पोटाचं डायलिसिस घरी करतोय. मधुमेहामुळे तिची नजर अधू आहे, त्यामुळे पिशव्यांची जोडणी माझ्याकडे. तेव्हा मी सांगतो ते घरात हे काम करणाऱ्या माणसाच्या बाजूनं. तुमच्या डॉक्टरांनी किंवा नर्सनं वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

आधी थोडक्यात हे काम कसं चालतं ते. आपल्या आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो, त्याला पेरिटोनियम म्हणतात. पोटात कायमची एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून साधारण 2 लिटर औषधी पाणी आत सोडायचं, 4 ते 6 तास ठेवायचं आणि काढून टाकायचं. तेवढ्या वेळात रक्तातली घाण आणि जादा पाणी त्या पडद्यातून या पाण्यात उतरतं. हाताने करायच्या पद्धतीत हे बहुधा दिवसातून 4 वेळा. आता हिशेब करा. दिवसाला 4, म्हणजे वर्षाला 1460 वेळा आपण ती नळी उघडतो. औषधी पाण्यात साखर असते आणि पोटात ऊब असते. जंतूंना वाढायला आणखी काय हवं?

1976 साली अमेरिकेत पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी ही पद्धत मांडली तेव्हा पाणी काचेच्या बाटल्यांत यायचं. दर वेळी बाटल्या जोडा, काढा. रुग्णांना काही महिन्यांतच पोटाचा संसर्ग व्हायचा. पुढे टोरांटोच्या ओरिओपोलस यांनी प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या, आणि इटलीत इंग्रजी वाय आकाराची नळी तयार झाली. आज आपण वापरतो ती जोड-पिशवी त्यातूनच आली. तिच्यात जुनं पाणी आधी बाहेर जातं, मग ताज्या पाण्याची एक छोटी धार नळी धुऊन थेट निचऱ्याच्या पिशवीत जाते, आणि त्यानंतरच पोट भरतं. जोडताना चुकून जंतू शिरलाच, तर तो या धारेबरोबर वाहून जातो. म्हणून घाईत ही धार गाळू नका. आज जगभरच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं केंद्रांना दिलेलं लक्ष्य असं आहे: दर रुग्णामागे वर्षाला 0.40 पेक्षा जास्त वेळा संसर्ग होऊ नये. म्हणजे सरासरी अडीच वर्षांत एकदा. काही घरांत वर्षानुवर्षं एकदाही होत नाही.

संसर्ग येतो कुठून? पहिली वाट आपल्या हातांची. कातडीवर राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू जोडणीच्या टोकाला बोट लागलं की आत जातात. दुसरी वाट पोटावर नळी बाहेर येते त्या जागेची. तिथे लाली, दुखणं, पू दिसला तर त्याच दिवशी कळवायचं. तिसरी वाट आतड्याची. बद्धकोष्ठता किंवा जुलाब असले तर आतड्यातले जंतू पडदा ओलांडू शकतात. म्हणून पोट साफ राहणं हाही उपचाराचाच भाग समजा. चौथी वाट पाण्याची, कारण स्यूडोमोनाससारखे चिवट जंतू ओलाव्यात राहतात. आणि पाचवी बुरशीची. प्रतिजैविकांचा कोर्स झाला की तिला रान मोकळं मिळतं. त्यामुळे दात, खोकला, कशासाठीही प्रतिजैविक लिहून दिलं तर आपल्या डायलिसिसच्या डॉक्टरांना सांगा. ते सोबत बुरशीचं औषध देतात.

आता खोलीकडे या. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, तरी जोडणीच्या वेळी पंखा आणि कूलर बंद. वाऱ्याबरोबर धूळ उडते, आणि कूलरच्या ओल्या जाळीवरून आलेली हवा तर नकोच. खिडकी-दार बंद, उदबत्ती नाही, मांजर-कुत्रं खोलीबाहेर. तोंडावर मास्क, नाकासकट. अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं. हात साबणानं चोळून धुवायचे आणि स्वच्छ कोरड्या कपड्यानं पूर्ण पुसायचे, कारण ओल्या हातावरून जंतू लवकर पसरतात. थंडीत पिशवी गरम पाण्यात बुडवून कोमट करणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. ते पाणी जोडणीच्या तोंडाशी साचतं. कोरड्या उष्णतेनंच कोमट करा. आणि जोडताना टोक कशालाही लागलं, किंवा लागलं की काय अशी नुसती शंका आली, तरी पाणी आत सोडू नका. क्लॅम्प बंद करा आणि केंद्राला फोन करा.

फौजेत रायफल हजार वेळा खोलली-जोडली तरी ड्रिल बदलत नाही. सवय झाली की माणूस एखादी पायरी गाळतो, आणि संसर्ग नेमका त्या दिवशी होतो. म्हणून सहा-आठ महिन्यांनी नर्ससमोर एकदा पूर्ण जोडणी करून दाखवावी. त्यात कमीपणा नाही.

तिलवाऱ्यात राहून नर्मदामाईचा विषय टाळता येणार नाही. संक्रांतीला इथे घाटावर मेळा भरतो, लोक लांबून स्नानाला येतात. माझी पत्नी लहानपणापासून कधी ते चुकवत नव्हती. नळी बसल्यावर पहिल्या संक्रांतीला घरात या एका गोष्टीवरून रडारड झाली. पण नदी, तळं, बादलीत साठवलेलं पाणी, यांत ती जागा भिजवायची नाही हे पक्कं. आता आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसून दर्शन घेतो, मी स्नान करतो, ती हात जोडते. गुरुजींनीही तिला सांगितलं, माई सगळं जाणते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाहेर आलेल्या पाण्याची पिशवी दर वेळी छापील कागदावर ठेवून पाहा. अक्षरं स्पष्ट वाचता आली पाहिजेत. पाणी गढूळ दिसलं तर संसर्ग आहे असंच धरून चाला. पोट दुखो वा न दुखो, ताप असो वा नसो. प्रयोगशाळेत त्या पाण्यात दर मायक्रोलिटरमागे 100 हून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल दिसले, तर ते संसर्गाचं लक्षण मानतात.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार होते. रात्री दहाला पिशवी गढूळ दिसली. दुखत नव्हतं, म्हणून सकाळपर्यंत थांबले. सकाळी दुकानातून गोळ्या आणून घेतल्या. गोळ्यांमुळे तपासणीत जंतू सापडेना, आणि योग्य औषध ठरायला आणखी दिवस गेले. शेवटी नळी काढावी लागली. आता आठवड्याला तीनदा मशीनवर जातात. पश्चिम ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं: रुग्णालयात पोचल्यावर प्रतिजैविक सुरू व्हायला जितके तास उशीर, तितका नळी गमावण्याचा किंवा जीव जाण्याचा धोका जास्त.

म्हणून गढूळ पिशवी फेकू नका. क्लॅम्प लावून ती सोबत घ्या, रात्र असली तरी फोन करा, निघा. मनाने गोळी घेऊ नका. बहुतेक वेळा प्रतिजैविक पोटातल्या पाण्यातूनच देतात, आणि वेळेवर सुरू झालं तर बहुतेक रुग्ण नळी न गमावता बरे होतात.

इतका धोका आहे तर हे करायचंच कशाला, असं लोक मला विचारतात. मंडला, दिंडोरी, सिवनीकडचे रुग्ण मशीनसाठी आठवड्याला तीनदा जबलपूरला येतात, दर वेळी चार तास मशीनवर, वर प्रवास. शेती, मजुरी बुडते. घरचं डायलिसिस हा दिवस त्यांना परत देतं. हाँगकाँगनं 1985 पासून हीच पद्धत पहिली निवडली. आपल्याकडे राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 साली सुरू झाला, आणि 2019 मध्ये त्यात पोटाच्या डायलिसिसचीही मार्गदर्शक तत्त्वं आली. सोय वाढेल तशी ही जोडणी खेड्यातल्या सुना-मुलांच्या हातात जाईल. त्यांना शिकवताना भीती घालू नका, पण एकही पायरी गाळू देऊ नका.

आजचं काम एवढंच करा. केंद्राचा आणि रात्रीचा असे दोन्ही फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून जोडणीच्या जागेसमोर भिंतीवर चिकटवा. पुढच्या भागात जेवणातल्या प्रथिनांबद्दल बोलू. जय हिंद.