जयप्रकाशांची बंदिवासातली रोजनिशी

आणीबाणी लागू होताच, 26 जून 1975च्या पहाटे, सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांना दिल्लीत अटक झाली. तेव्हा ते 72 वर्षांचे होते. चंडीगडच्या रुग्णालयात एकाकी स्थानबद्ध असताना जुलैपासून त्यांनी रोजनिशी लिहिली. लोकशाहीचा पाया रुंदावायला निघालेल्या आपला हिशेब चुकला कुठे, असे ते तीत स्वतःलाच विचारतात. सत्ताधाऱ्यांवरच्या टीकेहून ही उलटतपासणी अधिक मोलाची आहे. प्रकृती ढासळल्यावर नोव्हेंबरमध्ये त्यांची सुटका झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकारावर उपचार सुरू झाले. डिसेंबरमध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. आणीबाणीत हे जाहीरपणे म्हणायला विलक्षण धैर्य लागे. रोजनिशी 1977मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.