काळ्या पडद्यावरचा माऊस आणि डावा हात



लिनक्स या संगणकप्रणालीत चित्रे, खिडक्या आणि रंगीत चिन्हे यांचा पसारा मांडला जाण्यापूर्वी एक काळा पडदा दिसतो. त्यावर केवळ अक्षरे असतात. त्याला कन्सोल म्हणतात. सर्व्हरची देखभाल करणाऱ्यांचा याच्याशी रोजचा संबंध; पण चित्रमय पडदा काही कारणाने सुरूच होईनासा झाला, म्हणजे घरच्या माणसालाही याच काळ्या पडद्यापुढे बसावे लागते. येथे सारा व्यवहार कळफलकाचा. मग माऊसला येथे काय काम, असे आपण विचाराल.

डिस्कच्या विभागाला सहसा यूयूआयडी नावाचा एक ओळखक्रमांक असतो. ३२ अंक-अक्षरे आणि ४ आडव्या रेघा मिळून ३६ खुणांचा. तो एका ठिकाणी वाचून दुसऱ्या फाइलमध्ये जसाच्या तसा उतरवायचा असतो. एखादी खूण चुकली, तर पुढच्या वेळी यंत्र सुरू होतानाच अडून बसण्याचा संभव. रात्री अकरा वाजता, झोपाळलेल्या डोळ्यांनी हे टंकण्यापेक्षा माऊसने उचलून तेथे ठेवावे, हे शहाणपणाचे.

हे उचलण्या-ठेवण्याचे काम जीपीएम नावाचा कार्यक्रम करतो. अँड्र्यू हेलेट यांनी १९९३ च्या सुमारास केलेल्या अशाच एका लहान कार्यक्रमाचा आधार घेऊन आलेस्सांद्रो रुबिनी यांनी तो वाढवला. तो पडद्यामागे सतत जागा असतो. डावे बटण दाबून माऊस ओढला की मजकूर निवडला जातो, दोनदा टिचकी मारली की शब्द, तीनदा मारली की संपूर्ण ओळ. मधले बटण दाबले की तो मजकूर, जणू आपणच टंकला अशा रीतीने, जेथे लिहावयाचे तेथे उमटतो.

जुळणीचे काम फारसे अवघड नाही. डेबियन प्रकारच्या यंत्रावर 'इटीसी' या निर्देशिकेत जीपीएमची एक छोटी फाइल असते. माऊस कोठून वाचावयाचा आणि तो कोणत्या जातीचा, हे तीत सांगावे लागते. आजकाल कितीही माऊस जोडले तरी सर्वांची हालचाल एकाच ठिकाणी, 'डेव्ह' निर्देशिकेतील 'इनपुट-माइस' येथे, मिळते. त्यामुळे पूर्वीची पुष्कळशी शोधाशोध वाचली आहे. माऊसची चपळाई लहान 'आर'ने ठरते. कोणती चिन्हे शब्दाचा भाग मानावीत, हे लहान 'एल'ने. तिरकी रेघ शब्दात धरली नाही, तर फाइलचा लांब पत्ता दोन टिचक्यांत हाती येत नाही, तुकडाच येतो. ज्या सूचनांना फाइलमध्ये स्वतंत्र जागा नाही, त्या 'अपेंड' या ओळीत लिहितात.

खरा घोळ बटणांच्या क्रमात आहे, आणि तो मला अनुभवाने कळला.

मी डावखुरा. मोठ्या 'बी'पुढे १२३ असा नेहमीचा क्रम असतो. डावखुऱ्यांनी तेथे ३२१ लिहावे, असे जीपीएमच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. २०१२ साली मी तसे एका कचेरीतल्या सामाईक यंत्रावर लिहिले. फार बरे वाटले. आयुष्यभर कात्रीपासून वहीच्या तारेपर्यंत सारे उजव्यांसाठी केलेले. येथे तीन अंक उलटे लिहिले की काम झाले! पण जीपीएमची जुळणी माणसागणिक नसते, ती सबंध यंत्राची असते, हे मी विसरलो. आणखी एक खुबी मी वाचलीच नव्हती. मधले बटण एकदा तरी दाबले जाईपर्यंत जीपीएम माऊसला दोनच बटणांचा समजतो आणि तोवर उजव्याने मजकूर उमटवतो. मी क्रम उलटा केला होता, तेव्हा मजकूर उमटवणारे ते बटण आता डावीकडे आले.

त्या दिवशी माझ्या टिपणांची फाइल पडद्यावर उघडी होती. यंत्र पुन्हा सुरू करण्याच्या आज्ञेची ओळ मी तीन टिचक्यांनी निवडली, इतक्यात कोणी हाक मारली म्हणून उठलो. माझे उजव्या हाताचे सहकारी येऊन बसले आणि दुसऱ्या कन्सोलवर सर्वाधिकाराने आत शिरले. निवडलेला मजकूर सर्व कन्सोलना मिळून एकच असतो. त्यांनी एक शब्द उचलण्यासाठी, सवयीप्रमाणे, डावे बटण दाबले. माझी ओळ त्यांच्यापुढे उमटली. ओळ संपूर्ण निवडली की तिच्या शेवटी एन्टरही येतो, त्यामुळे विचार करण्यास त्यांना क्षणही मिळाला नाही. तासभर चाललेली नकल अर्ध्यावर तुटली. दोष त्यांच्या माथी लागला आणि मी आपले नाव सांगेपर्यंत दुपार झाली, हे आज कबूल केलेले बरे.

हा धोका नवा नाही. कोणी दुष्टाव्याने विनाशक आज्ञा निवडून ठेवली आणि पुढच्याने नकळत बटण दाबले तर काय, ही शंका माहितीपत्रकातच मांडलेली आहे. त्यावर मोठ्या 'ए'चा उपाय दिला आहे. त्याला लागून, मध्ये जागा न सोडता, ६० लिहिले की निवडलेला मजकूर ६० सेकंदांनंतर शिळा ठरतो आणि उमटत नाही. लिनक्सच्या गाभ्यानेही २०२४ च्या जानेवारीत आलेल्या ६.७ या आवृत्तीपासून ही उचल-ठेव करण्याची मुभा सर्वाधिकारी कार्यक्रमांपुरती ठेवली, कारण एखादा बंदिस्त कार्यक्रम या वाटेने आज्ञा घुसवू शके.

सामाईक यंत्रावर मी त्यानंतर तीन गोष्टी केल्या. क्रम पुन्हा १२३ केला. आकडा ३ ची सूचना दिली, म्हणजे माऊस पहिल्यापासून तीन बटणांचा धरला जातो आणि उजवे बटण केवळ निवड वाढवते. मोठ्या 'ए'पुढे ६० लिहिले. माऊस डावीकडे ठेवतो आणि डाव्या बटणावर मधले बोट टेकवतो; पहिला आठवडा बोट दुखले. घरच्या यंत्रावर मात्र ३२१ च आहे. तेथे कोणी बसणार असेल तर खुर्ची पुढे सरकवण्याआधीच मी त्यांना ते सांगतो.