पित्त म्हणून सोडू नका

पाचूबंदर, अर्नाळ्याची सुकी-खारी मासळी पावसाळ्यात आम्हां वसईकरांचा आधार. माझे चाचा तीच खात, मशेरी लावत. पोट दुखलं की ‘पित्त आहे’ म्हणत गोळी घेत. वर्षाने कळलं, जठराचा कर्करोग!

या रोगामागे बहुधा ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतू असतो. बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं. २००५ साली रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. हा जंतू औषधांनी जातो.

खारवलेलं कमी खा, फळं-भाज्या वाढवा, तंबाखू-मशेरी सोडा. वजन घटलं, शौचाला काळं झालं, तर दुर्बिणीने पोट तपासून घ्या. चाचांना हे सांगायला मला उशीर झाला.